काकांचा फ्लोराइट

रायपूरच्या समता कॉलनीतले आमचे शेजारी पत्थरकाका पाहुण्यांची ओळख आधी दगडाशी करून देत, मग काकूंशी. रेल्वेतून निवृत्त झालेला हा माणूस प्रत्येकाला दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटासमोर उभं करी. "हा आपला फ्लोराइट. राजनांदगावकडचा." मुठीएवढा दगड, खाली पाण्यासारखा हिरवा, वर जांभळे चौकोनी स्फटिक. होता खरंच देखणा. काकू आतून म्हणत, "मले कधी इतकं निरखून पाह्यलं नाही यांनी."

मग राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं आणि रोज कशाचं ना कशाचं उद्घाटन होऊ लागलं. खनिजांचं प्रदर्शन भरवणाऱ्या एका साहेबांच्या कानावर फ्लोराइटची ख्याती गेली. त्यांनी तो मागवला.

"देऊ नका," काकू म्हणाल्या.

"काहून? राज्य मागून राहिलं. नाही कसं म्हणू?" काकांनी नवा बुशशर्ट शिवला.

प्रदर्शनात दगड लाल मखमलीवर ठेवला होता. पण नुसता ठेवून कसं चालेल? राज्याची संपदा ती. त्याला हार घातला, हळदकुंकू वाहिलं. प्रमुख पाहुण्यांच्या हाती नारळ दिला, तेव्हा लक्षात आलं की फोडायला दगड कोणी आणलेलाच नाही.

"सर, पत्थर तो यही है," कोणीतरी सुचवलं.

तिसऱ्या रांगेतून काका उठले. "साहेब, थांबा," ते म्हणाले, पण बँड सुरू झाला होता.

नारळ शाबूत राहिला. फ्लोराइटचे तुकडे झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मंचावर बोलावून काकांचा सत्कार झाला, शाल आणि तोच नारळ देऊन.

घरी आल्यावर काकांनी तुकडे वर्तमानपत्रावर मांडले आणि जेवले नाहीत. काकूंनी जुन्या ब्रशनं एकेका तुकड्यावरचं कुंकू धुऊन काढलं. एक तुकडा उजेडात धरून त्या म्हणाल्या, "अहो, आतून तर जास्तच जांभळा आहे."

"हव," काका मान डोलावत म्हणाले.

पुढे काका गेले. काकूंना न्यायला मुलगी नागपूरहून आली. सामान रिक्षात चढलं. कपाट आम्हाला दिलं. काकू मात्र सगळ्यात मोठा तुकडा रुमालात गुंडाळून मांडीवर घेऊन बसल्या.

"माँ, बैग में रख दो न," मुलगी म्हणाली.

"नाही," काकू म्हणाल्या. "ह्याले धक्का लागते."