वहिनीच्या नाळेतल्या पेशी

वहिनीची नाळ मीच मागून घेतली होती. मुलुंडच्या नर्सिंग होममध्ये बाळंतपणासाठी तिचं नाव घातलेलं. आमच्या अंधेरीच्या प्रयोगशाळेला मूळपेशी वाढवायला नाळा हव्या होत्या. "नाहीतरी कचऱ्यातच जाते ना? घे की," म्हणत तिने फॉर्मवर सही केली.

बर्फाचा डबा घेऊन मी निघाले तेव्हा बाळ ठीक होतं. तिसऱ्या दिवशी ते गेलं.

पेशी मात्र वाढत राहिल्या. कायटोसान नावाची बहुशर्करा कोळंबीच्या सालांपासून काढतात. तिच्या थरावर या पेशी कशा वाढतात, ते मी बघत होते. नुसत्या प्लास्टिकवर त्या लांबट पसरायच्या. या थरावर एकमेकींकडे सरकून गोळा व्हायच्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की मला मिटलेली मूठच दिसायची. पेशी वाढवायच्या काचेसारख्या चपट्या बशीवर फक्त नंबर होता. तो कुणाचा, हे मला एकटीला ठाऊक. बशी ठेवायचं कपाट सदतीस अंशांवर, माणसाच्या अंगाइतकं उबदार असतं. दार उघडलं की ती ऊब हाताला लागायची आणि मी दचकायचे.

महिन्याभराने वहिनीचा फोन आला.

"खरं सांग, ते अजून आहे का गं?"

"ते बाळ नव्हे वहिनी, नुसत्या पेशी आहेत."

"पण वाढतायत ना?"

"हो."

"मग मला बघायचंय."

प्रयोगशाळेतल्या सरांना विचारून मी तिला एका रविवारी दुपारी नेलं. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाहेर काढलंस, थंडी नाही ना वाजत त्यांना?"

मी बशी घाईघाईने कपाटात ठेवली.

त्यानंतर ती अधूनमधून मेसेज करायची, "आहेत?" मी लिहायचे, "आहेत."

पुढे पेशी पसरट झाल्या, वाढायच्या थांबल्या. अशा बशीत ब्लीच ओतून ती टाकायची असते. मी तीन दिवस टाळलं. शेवटी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, "तूच टाक. दुसऱ्या कुणाला देऊ नको."

मीच टाकली.

आमच्याकडे अजूनही नाळा येतात. बाळंतिणींशी बोलायला मात्र मी जात नाही, सहकारी मैत्रिणीला पाठवते. बाळ कसं आहे, हेही तिला विचारत नाही.