प्रवाळांसाठी ऊन

छत्तीसगड वेगळं राज्य झालं, त्यानंतर दोनेक वर्षांतली गोष्ट. माझे यजमान रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते आणि मी शाळेत शिकवायची. मुंबईला एका मित्राच्या घरी ह्यांनी खाऱ्या पाण्यातली जिवंत प्रवाळं पाहिली आणि परत आले ते डोक्यात समुद्र घेऊनच. रायपूरहून समुद्र शेकडो मैल दूर. तरी आमच्या क्वार्टरच्या बैठकीत चार फुटांची काचेची टाकी आली, पाण्यात घोळायचं खास मीठ आलं, आणि एके सकाळी थर्माकोलच्या डब्यात बसून प्रवाळंही आली. एका दगडाला चिकटलेली, शर्टाच्या बटणाएवढी पंधरा-वीस हिरवी तोंडं. ती फुलासारखी उघडतात, असं हे सांगत होते.

पण ती उघडेनात. ट्यूबलाइटखाली त्यांचा हिरवा रंग उतरत उतरत गढूळ तपकिरी झाला. हे ऑफिसातून आले की बूटही न काढता टाकीपुढे उकिडवे बसायचे.

"मरून राहिले वाटते," एकदा अगदी रडवेल्या आवाजात म्हणाले.

मग इंटरनेट कॅफेत जाऊन त्यांनी कारण शोधून आणलं. प्रवाळांना ऊन लागतं आणि ट्यूबलाइटचा उजेड त्यांना पुरत नाही. दुपारच्या उन्हासारखा प्रखर दिवा हवा, त्याचं नाव मेटल हलाइड. त्यातही प्रकार होते. बल्बवरचा रंगाचा आकडा कमी तर उजेड पिवळट, आकडा जास्त तर निळा. ह्यांनी वहीभर टिपणं काढली. रोज सकाळी एक दिवा पक्का व्हायचा आणि संध्याकाळी रद्द.

"अहो, काहून इतका विचार करून राहिले? एक घ्या आन् लावा."

"तसं नाही जमत. चुकलं तर ह्यायचा जीव जाईन."

त्याच आठवड्यात मी पंडरीच्या कापडबाजारात साडी घ्यायला गेले. राज्य नवीन, तशी दुकानंही रोज नवीन उघडत होती. एका दुकानाच्या छताला इतके लख्ख दिवे होते की मी साडी सोडून वरच बघत राहिले. मालकाला विचारलं.

"मेटल हलाइड है दीदी. भनपुरी से मंगाए हैं."

रविवारी आम्ही दोघं स्कूटरवर भनपुरीच्या कारखान्यांच्या भागात पोचलो. तिथला दुकानदार कारखान्यांना आणि गोदामांना दिवे पुरवायचा. ह्यांना बघून त्याने सरळ विचारलं, "गोदाम की ऊँचाई कितनी है, भैया?"

"डेढ़ फुट," हे म्हणाले.

तो माणूस पेन हातात धरून बघतच राहिला. मी हसू आवरत सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्याने काउंटर सोडलं आणि खुर्च्या मागवल्या. दिव्याची पेटी आणि चोक त्याच्याकडे होते. बल्ब मात्र त्याने बाहेरून तीन मागवले आणि म्हणाला, घरी लावून पाहा, पसंत पडेल तो ठेवा.

पिवळट बल्ब लावला तर पाणी कोऱ्या चहासारखं दिसलं. निळा लावला तर दगड चमकला, हे खूश झाले. मी मात्र शेजारच्या खुर्चीवर नवी साडी पसरली. दुकानात साडी घेताना आम्ही बायका ती दारात नेऊन उन्हात बघतो, तसंच. पिवळ्याखाली जांभळा काठ मेल्यासारखा वाटला, निळ्याखाली लाल अंग काळं पडलं. मधल्या, दहा हजार आकड्याच्या बल्बखाली साडी जशी होती तशी दिसली.

"हाच," मी म्हटलं.

ह्यांनी वही उघडली, मिटली आणि म्हणाले, "तू म्हणतेस तर हाच."

तिसऱ्याच दिवशी वीज गेली. लगेच आली, पण दिवा काही लागेना. हे टेबलाशी डोकं धरून बसले. मी दुकानदाराला फोन केला, तर तो हसायला लागला. "दीदी, गरम बल्ब तुरंत नहीं जलता. ठंडा होने दो." पंधरा मिनिटांनी दिवा आपोआप लागला. ह्यांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की मला वाटलं, आता पुन्हा वीज जाते.

मे महिन्यात मात्र खरी कसोटी लागली. वरून दिव्याची आच, बाहेर रायपूरचं ऊन. पाणी तापायला लागलं, तसा आम्ही टेबलफॅन पाण्यावर वळवला आणि झोपायच्या खोलीतला कूलर बैठकीत आणला. वाऱ्याने पाणी झपाट्याने आटायचं, म्हणून रोज सकाळी मी बाटलीतलं शुद्ध पाणी वरून घालायची. कूलर तिथे, म्हणून आमचं जेवणही तिथे आणि गप्पाही.

जूनमध्ये एका दुपारी शाळेला सुट्टी होती. मी भाजी निवडत टाकीपुढे बसले होते. दगडावरची सगळी तोंडं उघडली होती, पोपटी, काठाला जांभळी. आणि मागच्या बाजूला, जिथे आधी काहीच नव्हतं, तिथे मोहरीच्या दाण्याएवढं एक नवीन उगवलं होतं. मी ह्यांच्या ऑफिसात फोन लावला.

"काय झालं? दिवा गेला का?"

"नाही. पिल्लू झालं."

 मग ह्यांनी अख्ख्या ऑफिसला ओरडून बातमी सांगितलेली मला फोनवर ऐकू आली. त्या दिवशी हे अर्धी रजा टाकून पेढे घेऊन घरी आले.