काचेची चिक्की

माझ्या हाताला चव आहे असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. भाजीत मीठ विसरणारी बाई मी. पण संक्रांतीची काचेची चिक्की आमच्या घरची, आणि त्या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेत नाही. पातळ, पिवळसर, आरपार दिसणारी, आत तीळ अडकलेले. मुलगी लहानपणी तुकडा डोळ्याला लावून खिडकीबाहेर बघायची आणि मग तोच चाटून संपवायची.

जन्मभर मी वर्ध्याला अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. काच फक्त वाळूची होते, असं पोरांना वाटायचं. अरे बाबांनो, साखरेचीही होते! पाक सावकाश थंड होऊ दिला की साखरेचे रेणू आपापली जागा शोधून रांगेत बसतात, ती खडीसाखर. तोच पाक चांगला आटवून झटकन थंड केला, तर रांग लागायच्या आत सगळे जिथल्या तिथे अडकतात. वरून दगडासारखं टणक, आत मात्र पातळ असतानाचाच गोंधळ. हे नुसतं सांगून डोक्यात शिरत नसे. मग मी सगळा वर्ग मैदानात नेऊन "रांगेत उभे राहा" म्हणायची आणि रांग लागायच्या आतच ओरडायची, "स्टॅच्यू!" एकाचा पाय हवेत, दुसऱ्याचा हात तिसऱ्याच्या कॉलरला. "बघा, ही काच," मी म्हणायची. हेडमास्तरांना ते मुळीच आवडायचं नाही.

उन्हाळ्यात तर आमचं ऊनच प्रयोग करून दाखवायचं. सॅलॉल नावाची पांढरी पूड मे महिन्यात कपाटातल्या बाटलीत आपोआप वितळायची आणि संध्याकाळी गार झाली तरी पातळच राहायची. तिच्यात सॅलॉलचाच एक कण टाकला की बघता बघता सगळी गोठायची. एवढाच एक कण लागतो, पण तो बाहेरून कोणीतरी टाकावा लागतो.

घरी मात्र निम्मं काम माझं आणि निम्मं आमच्या ह्यांचं. हे समुद्रपूरचे, एसटीच्या डेपोत कारकून. मी पाकात लिंबू पिळायची, म्हणजे काही साखर फुटून वेगळे रेणू मधेमधे घुसतात आणि रांग लागत नाही. थंड पाण्यात टाकलेला थेंब काडकन तुटला की तीळ घालायचे, कढई सांडशीनं उचलायची आणि तूप लावलेल्या ओट्यावर ओतत ओतत पुढे सरकायचं. माझ्या मागून हे लाकडी पट्टी आणि सुरी घेऊन रेघा मारत यायचे. पाक ओतला की वेळ फार थोडा असतो. "सरक ना वो मॅडम, काऊन थांबली? माही इकडची गोठून राह्यली!" मी खेकसायची, "कढई धरू की तुमचं ऐकू?" दर संक्रांतीला हेच भांडण, आणि मग दोघं मिळून ओटा खरवडून खायचो.

हे गेले आणि चिक्की बंद झाली. मुलगी हैदराबादला. रोज संध्याकाळी फोन, आणि रोज एकच पालुपद, "आई, एकटीनं नाई जमत आता तुले. इकडे ये." माझा अस्सा संताप व्हायचा! काय नाही जमत मला? सिलिंडर मी लावते, बँकेत मी जाते, पाण्याची मोटर बिघडली तर मेकॅनिकशी मी भांडते. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या भरल्या घराला कुलूप घालून मी तिच्या बाल्कनीत कुंडीसारखी बसू? यंदा ठणकावून सांगितलं, "संक्रांतीची चिक्की करून पाठवते, मग बोल." ती हसली. "बरं. चिक्की आली तर 'इकडे ये' म्हणणं बंद. पक्कं."

पाक पहिल्याच झटक्यात उतरला. थेंब काडकन तुटला. मी ऐटीत कढई उचलली, ओट्यावर ओतली, कढई खाली ठेवली, हात पुसून पट्टी घेतली आणि वळले तो काय, सगळं टणक. सुरी नुसती सरकत होती. दुसऱ्या खेपेला शहाणपणा केला, थोडाच ओतला, तर उरलेला पाक कढईतच दगड होऊन बसला. तो पुन्हा गरम केला तर खालून करपला. शेजारचे दोघंही नोकरीवर, आणि असते तरी रेघा मारायला कोणाला बोलवायचं? तिसऱ्या खेपेला तर मी वळून पाहिलंच नाही. ओतत ओतत पुढे सरकले आणि सवयीनं म्हणून गेले, "घ्या, मारा आता."

मग ओट्याला टेकून रडले, पोटभर रडले. हे जाऊन इतके दिवस झाले, माणसं भेटून गेली, सगळे विधी झाले, पण ते नसणं म्हणजे नेमकं काय, हे मला त्या ओट्यापाशी कळलं. आणि पहिल्यांदाच वाटलं, नकोच हे घर. आज ती 'ये' म्हणाली की हो म्हणून टाकायचं.

संध्याकाळी फोन आला.

"आई, केली?"

"केली."

"आरपार दिसते?"

"दिसते ना. पण अख्खी राहिली. कापायला कोणी नव्हतं गं."

मी फोन कानाला घट्ट धरून बसले. हो हा शब्द अगदी जिभेवर होता.

"मग अख्खीच पाठव," ती म्हणाली. "इथं फोडू आम्ही. जिंकली तू, माय. आता नाई म्हणत मी तुले, 'इकडे ये'."

"मग! काय समजलीस मला?" मी म्हणाले. वर्गातला आवाज अजून शाबूत आहे माझा.

हैदराबादच्या गाड्या हिंगणघाटवरून जातात, तिथे जाऊन मी ती अख्खी चिक्की गाडीत दिली. पोहोचली. आवडली म्हणे सगळ्यांना.

फोन अजूनही रोज येतो. गोळ्या घेतल्या का विचारते, जेवण झालं का विचारते. मी एकेक उत्तर लांबवत बसते, आता 'ये' म्हणेल, मग म्हणेल. म्हणत नाही. दिला शब्द पाळणारी पोरगी आहे, बापावर गेली.