उलटं बसवलेलं सील

भाऊजी गेल्याची बातमी मला यवतमाळच्या शाळेत कळली. शिपायानं सातवीच्या वर्गातून बोलावून नेलं तेव्हा फाटकाशी भाऊजींच्या शेजारच्या रहमानभाईंचा ट्रक उभा होता आणि रहमानभाई टोपी हातात घेऊन उभे होते. "बाई, नारायणभाऊ गेले," एवढंच ते म्हणाले. अशा वेळी बायका मटकन खाली बसतात म्हणे. मला मात्र असा संताप आला की हातातला खडू मी मैदानात भिरकावून दिला. तो संताप अजून उतरलेला नाही. महिना होऊन गेला, दिवस झाले, भेटायला येणाऱ्यांचे चहा झाले, आणि जो तो मला एकच ऐकवून गेला... वेळ आली होती, मोठा मानी माणूस होता, कुणापुढे वाकला नाही. ताई शेजारी बसलेली असायची म्हणून मी गप्प राहिले. इथे ताई शेजारी नाही, तेव्हा सांगून टाकते. वेळबीळ काही आली नव्हती. नारायणराव, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, टाचेत घुसलेल्या बांबूच्या एका खुंटानं गेले, आणि सरकारी दवाखाना त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता.

राळेगावला त्यांचे लाकडाचे ठेके होते. जंगलात हिंडायला त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली होती, आणि ती जीप म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण खरं वेड वेगळंच होतं. घरातली कुठलीही वस्तू दुसऱ्याच्या हातानं उघडायची नाही, हा त्यांचा कायदा. घड्याळ बंद पडलं, ते उघडणार. ताईचं शिवणयंत्र अडलं, ते उघडणार. विहिरीवरचं इंजिन रुसलं, की जेवण टाकून तिकडे. एकदा दाढ दुखायला लागली तर आरशासमोर उभं राहून पकडीनं उपटली, आणि रक्ताळलेल्या तोंडानं ती तळहातावर घेऊन माझ्यासमोर आले. "काय वं इंदू, पाह्यजे काय तुले?" मेहुणीची थट्टा करायचा त्यांचा हक्क होता आणि तो त्यांनी पुरेपूर वसूल केला. गावाला या सगळ्याचं भारी कौतुक. मलाही गंमत वाटायची. दाढच होती ना...

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या पोळ्याची गोष्ट. जीपच्या पुढच्या चाकांतून तेल गळायला लागलं होतं. त्या गाडीची पुढची चाकंही इंजिनाच्या जोरानं फिरतात, म्हणून पुढच्या आसात घट्ट तेल भरलेलं असतं, आणि ते चाकाकडे उतरू नये म्हणून आत रबराची एक कडी बसवलेली असते. तिला सील म्हणतात. हे सगळं मला भाऊजींनीच शिकवलं, मी विचारलेलं नसताना. ट्रकची दुरुस्ती करणारे रहमानभाई शेजारीच राहायचे. ते म्हणाले, "नारायणभाऊ, दोघं मिळून करू ना." भाऊजींनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. नागपूरहून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरकडून नवी सीलं मागवली आणि मुहूर्त धरला तो खांदशेकणीचा, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवसाचा. त्या दिवशी बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकतात, हळद-लोणी चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. भाऊजींचं म्हणणं असं की वर्षभर जंगलातून ओढते ती ही जीप, तेव्हा खांदे हिचेही शेकले पाहिजेत. गोठ्यासमोर सागाच्या ओंडक्यांवर गाडी चढवली, चाकं काढली, ड्रम काढले, आतला लांब दांडा ओढून बाहेर घेतला. ताईची पुरणाची परात त्यांनी रॉकेलनं पुर्जे धुवायला घेतली तेव्हा ताईनं घर डोक्यावर घेतलं. पण काम झालं. संध्याकाळी बैलांच्या रांगेत जीपच्या बॉनेटवरही हळदीचं बोट लागलं आणि भाऊजी वाकून तिला म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." अंगणातले सगळे हसले. मीसुद्धा.

आणि सील उलटं बसवलेलं होतं.

त्या रबराच्या कडीला आतून एक बारीक ओठ असतो. तो तेलाकडे तोंड करून बसवायचा, म्हणजे तेल अडतं. भाऊजींनी तो बाहेर तोंड करून बसवला, दोन्हीकडे. चूक झाली ती अडाणीपणानं झाली नाही, विचार करून झाली. आमच्या काळ्या मातीत आयुष्य गेलेला माणूस. पावसाळ्यात ही माती चपलेला, चाकाला, बैलाच्या खुराला कशी धरते ते ज्यानं बघितलं आहे, त्याला अडवायची वस्तू म्हटली की चिखलच आठवणार. तेल आतून वाट काढेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. पोळा झाला, दुसऱ्या दिवशीचा पोरांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा झाला, आणि गाडीखाली पुन्हा काळे डाग पडायला लागले. भाऊजी म्हणाले, "नवं रबर हाय, हळूहळू बसून राह्यलं. थांबा जरा." डाग वाढले. तेल ब्रेकच्या पट्ट्यांवर उतरलं, आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढ खायला लागली. भाऊजी म्हणाले, रस्ताच तसा आहे. रहमानभाईंनी खाली वाकून बघितलं तर त्यांच्यावरच डाफरले.

मग एका दुपारी ताईला घेऊन माहेरी, म्हणजे आमच्या आईकडे यायला निघाले. वाटेतल्या नाल्याच्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला, गाडी सरळ काठाकडे वळली आणि डावं चाक अधांतरी राहिलं. ताईचा हात दारावर आपटून बांगड्या फुटल्या. ताई खाली उतरली. भाऊजी हसत होते म्हणे, घाबरट म्हणत होते. ताई म्हणाली, "ह्या गाडीत मी आता बसत नाही. तुमी उघडत नाही तोवर नाही. कोनाच्या हातानं उघडा, पण उघडा." आणि भर उन्हात, फुटक्या बांगडीचं मनगट पदरात धरून, ती चालत घरी गेली. भाऊजी गाडी काठावरून मागे घेऊन तिच्या मागोमाग चालवत होते, हाका मारत होते. तिनं वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ओंडक्यांवर होती. या वेळी रहमानभाईंनाही बोलावणं गेलं. काढलेलं सील हातात फिरवत भाऊजी म्हणाले, "च्यामारी, मी माती अडवाले गेलतो अन् तेल आतून चाललं होतं." दोघांनी मिळून सीलं बदलली, पट्ट्या घासल्या, आणि त्यानंतर त्या चाकांतून थेंब गळला नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. कारण लोक म्हणतात त्यांचा स्वभावच तसा, ते ऐकणारे नव्हतेच. साफ खोटं. हा माणूस वाकला होता. आपलं चुकलं हे तोंडानं बोलला होता. गाडीसाठी.

यंदा टाचेत खुंट घुसला तेव्हाही घरचाच कारखाना सुरू झाला. आधी हळद, मग चुना-गूळ, मग रॉकेलचा बोळा. वरून घट्ट फडकं, धूळ जाऊ नये म्हणून. आत काय साचतंय याची चौकशी नाही! ताईनं हात जोडले, भांडली, जेवण सोडलं. या वेळी उतरून चालायला लागावं अशी गाडी तिच्यापाशी नव्हती. रहमानभाईंनी ट्रक दारात आणून उभा केला तर म्हणाले, "माह्या पायासाठी ट्रक कायले? बैलबंडीभर वजन हाय काय त्याचं?" मी यवतमाळहून गेले तेव्हा ते ओसरीवर पायावर घोंगडी घेऊन बसले होते आणि घोंगडीखालून वास येत होता. मी शेजारपाजार गोळा होईपर्यंत ओरडले. ते नुसते हसले. "मास्तरीणबाई, जा. पोरी वाट पाहून राह्यल्या तुमची." डोळे तापानं लाल झाले होते आणि मला चिडवायचं काही सुटत नव्हतं.

शुद्ध हरपल्यावर कुठे त्यांना उचलता आलं. डॉक्टरांनी फडकं सोडलं आणि ताई-रहमानभाईंकडे न बघता विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" रक्तात साखर होती हे तेव्हा कळलं. पाय काढायलाही उशीर झाला होता. यालाच तुम्ही मानीपणा म्हणता... मी याला माझ्या बहिणीवर केलेला अन्याय म्हणते. मला ते फार आवडायचे, म्हणून जास्तच म्हणते.

गेल्या रविवारी राळेगावला गेले. ताई चुलीपाशी डाव्या हातानं भाकरी थापत होती आणि उजवा हात पदराखाली होता. "काय झालं?" "काई नाही वं, इळी लागली." मी पदर ओढला. बोट सुजून तट्ट झालं होतं, त्यावर हळदीनं पिवळी झालेली चिंधी. मी तवा उतरवला आणि तिला दंडाला धरून दवाखान्यात नेलं, ती सगळा रस्ता मला शिव्या देत होती. बाकावर बसल्यावर हळूच म्हणाली, "हे असते तं त्यायनं मले इथं येऊ देल्लं नसतं."

"म्हणूनच नाहीत ते," मी म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले. बाकावरच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मग कंपाउंडर येऊन उभा राहिला, तेव्हा ताईनं दातांनी चिंधीची गाठ सोडली आणि हात त्याच्यापुढे धरला.