गाडीखालचा पेपर

रविवारी फिरून आलं की गाडीखाली जुना पेपर अंथरायचा आणि संध्याकाळी तो काढून बघायचा, असा मागच्या वर्षी आमच्या घरचा नेमच झाला होता. पेपर कोरडा निघाला तर गाडी राहणार, डाग दिसला तर जाणार. इतकं सरळ होतं ते. डाग मात्र न चुकता दिसायचा.

गाडी माझ्या आत्याची. दोन सीटांची, वरून उघडी, हिरव्या रंगाची जुनी विलायती स्पोर्ट्स कार. आत्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होती. तिनं लग्न केलं नाही, गाडी घेतली. "नवरा केला असता तर तोच चालवत बसला असता," असं ती अजूनही सांगते. सिकंदराबादच्या छावणीतल्या मोकळ्या रस्त्यांवर तिनं मला ह्याच गाडीवर शिकवलं, आणि शिकवताना ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता तिनं ऐंशी ओलांडलीय, पायांनी संप पुकारलाय, आणि ती बरीच वर्षं दिलसुखनगरला आमच्या फ्लॅटमध्ये राहते. तिच्या पाठोपाठ गाडीही आली.

आठवडाभर आत्या घराबाहेर पडत नाही. रविवारी सकाळी मी तिला आबिड्सला नेते. सुट्टीच्या दिवशी तिथे बंद दुकानांसमोर फूटपाथवर जुनी पुस्तकं मांडलेली असतात. गाडी इतकी बुटकी की बसल्या जागी आत्याची नजर थेट पुस्तकांच्या रांगेवर पडते. आमच्या दुसऱ्या, उंच गाडीत तिला चढवताच येत नाही. ह्या गाडीत बसवणं सोपं आहे, बाहेर काढणं म्हणजे विहिरीतून भरली घागर ओढणं. तिथे तिची एक रीत ठरलेली असते. एखादी कादंबरी दोन भागांची असली की पहिला भाग घ्यायचा आणि पुस्तकवाल्याला सांगायचं, दुसरा राहू दे, पुढच्या रविवारी नेते. दोन्ही भाग एकदम घेताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

उन्हाळ्यात गाडीच्या डिफरन्शियलमधून तेल गळायला लागलं. डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा. त्यात गिअर तेलात बुडून फिरत असतात, आणि ते तेल बाहेर येऊ नये म्हणून तिथे रबराचं गोल सील बसवलेलं असतं. आमच्या इमारतीच्या तळघरात, म्हणजे इथले लोक ज्याला सेलार म्हणतात तिथे, गुळगुळीत फरशी आहे. त्या तेलावरून एका शेजाऱ्याची स्कूटर घसरली. त्याला खरचटण्यावर निभावलं, पण सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. माणूस सज्जन, आवाज न चढवता बोलले, "मॅडम, दसरे तक देखेंगे. बाद में नक्को." राग यायला हवा होता, पण त्यांचं काय चुकलं होतं? शमशाबादकडच्या एका फार्महाऊसवाल्याला ही गाडी लॉनवर शोभेला ठेवायची होतीच. त्याला हो म्हणायचं, एवढंच उरलं होतं.

मी रिटायर्ड बँकवाली. हट्टाला पेटले. आमच्या मेकॅनिक उस्तादांनी जुनं सील काढून माझ्या हातात ठेवलं आणि मी ते पदराला बांधल्यासारखं रोज पर्समधून राणीगंजला घेऊन जाऊ लागले. तिथे गल्ल्याच्या गल्ल्या सुट्या भागांच्या आहेत. पण आमच्या गाडीची मापं इंचात आणि दुकानांतला माल मिलिमीटरमध्ये. प्रत्येक दुकानदार सील बोटावर फिरवून बघायचा आणि म्हणायचा, "उन्नीस-बीस का फरक है जी, चल जाता." मी म्हणायचे, माणसांत चालतं, सीलमध्ये नाही. तरी एकदा कंटाळून तसलं एक घेतलं. पहिल्याच रविवारी पेपरवर बशीएवढा डाग. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे शहाणपण सोडूनही बैल रिकामाच राहिला.

शेवटी जुन्या ट्रॅक्टरांचा माल ठेवणाऱ्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे तंतोतंत इंचाच्या मापाचं सील मिळालं. आतला व्यास, बाहेरचा, जाडी, सगळं जुळलं. मला इतका आनंद झाला की मी त्यांना चक्क नमस्कार केला. उस्तादांनी ते नीट दाबून बसवलं. रविवारी आम्ही दोघी मजेत फिरून आलो. संध्याकाळी पेपर काढला. डाग होता. लहान, पण होता.

मी वर येऊन सोफ्यावर बसले आणि रडू आलं. आत्या बघत होती. "देऊन टाक गं," ती म्हणाली. "लोखंडच आहे. मी काय जन्मभर फिरणार आहे?" पुढच्या रविवारी आबिड्सला तिनं एक जाडजूड कादंबरी उचलली आणि पुस्तकवाल्याला म्हणाली, "दोनों भाग दे दो." त्यानं चकित होऊन माझ्याकडे पाहिलं. मी समोर रस्त्याकडे बघत राहिले. परतताना आत्यानं माझ्या गिअर बदलण्यालासुद्धा नावं ठेवली नाहीत.

घरी आलो तर नवरा स्वयंपाकघरात. आम्ही एकाच शाखेत होतो, तेव्हापासूनचं अरे-तुरे. त्यावरून सासरी नाकं मुरडून झाली. रिटायर झाल्यापासून स्वयंपाक त्याचा आणि गाडी माझी. त्याला गाडी चालवता येत नाही, पण गाडीचं एक काम तो कुणाला करू देत नाही. दरवर्षी दसऱ्याच्या आधी चटई टाकून गाडीखाली शिरतो आणि मागचा ॲक्सल, डिफरन्शियल, सगळं काळ्या रंगानं रंगवतो. पूजेला गाडी वरून स्वच्छ आणि खालून मळकी, हे त्याला पटत नाही. त्या वर्षीचा रंगाचा डबाही आणून ओट्याखाली ठेवलेला होता.

तो डाळ ढवळत असताना मी त्याला सांगू लागले. सील बरोबर आहे, माप बरोबर आहे, गाडी गार असताना थेंबही पडत नाही, फिरवून तापली की गळते.

"तापल्यावरच?" त्यानं विचारलं. "मग तू रिंगच काय बदलत बसलीयस? शिट्टी बघितलीस का?"

"कसली शिट्टी?"

"कुकरची शिट्टी तुंबली की वाफ रिंगेतून बाहेर येते. दहा रिंगा बदल, येणारच."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. गाडीच्या पुस्तकातल्या आकृतीत ॲक्सलच्या माथ्यावर हवा बाहेर जायला एक बारीक भोक दाखवलं होतं. मी ते पाहिलं होतं आणि सील शोधायच्या नादात विसरले होते. आत हवा तापणार, फुगणार, आणि वाट मिळाली नाही तर तेलाला बाहेर ढकलणार. आम्ही दोघं तडक खाली गेलो. गाडी जॅकवर घेतली, स्टँड लावले, आणि तो चटईवर सरकला.

"इथे भोक नाही," आतून आवाज आला. "नुसता बोल्टचा माथा आहे."

"त्या बोल्टातच भोक असतं."

खालून नखानं खरवडल्याचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, "ह्याच्यावर रंग आहे."

"कुणाचा?"

"काळा," तो म्हणाला.

मला इतकं हसू आलं की मी सेलारच्या खांबाला टेकले. वर्षानुवर्षांच्या दसऱ्यांचे थर होते ते. उस्तादांनाही तो साधा बोल्टच वाटला होता, कारण आमच्या पेंटरनं रंगात कुठे कसर ठेवली नव्हती. शिट्टी साफ करायच्या सुईनं त्यानं तो रंग खरवडला. आतून फुस्स करून हवा सुटली आणि तो दचकून डोकं आपटता आपटता वाचला.

पुढच्या रविवारी संध्याकाळी पेपर मी स्वतः बघितलाच नाही, गाडीखालून काढून दोन्ही हातांत धरून जपून वर आत्यापुढे नेला. तिनं चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला. पूर्ण कोरडा. "शिळा पेपर आहे," म्हणाली आणि घडी घालून ठेवून दिला.

दसऱ्याला सेलारमध्ये सगळ्या गाड्यांची पूजा झाली. सेक्रेटरींनी आमच्या गाडीखाली वाकून पाहिलं आणि स्वतःच्या हातानं चाकाखाली लिंबू ठेवलं. नवऱ्यानं बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. रंगाचा तो डबा बाल्कनीच्या ग्रिलला लागला.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही आबिड्सला गेलो. आत्यानं बसल्या जागेवरून बोट दाखवलं, पुस्तकवाल्यानं एका कादंबरीचे दोन्ही भाग आणून तिच्या मांडीवर ठेवले. तिनं पहिला उघडून वास घेतला. दुसरा त्याला परत दिला.

"ये रहने दो," ती म्हणाली. "अगले इतवार को आती ना मैं."