सिद्धू पैलवानाचं सहा किलो वजन

कडेगावचे लालासाहेब सुभेदार होऊन निवृत्त झाले, तेव्हा गावाला वाटलं, आता ते ऊस बघतील. त्यांनी जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा शिकायला घेतली. गुरू घरातच होता. सून रेश्मा पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करायची.

त्यातला 'कॉलबॅक' हा धडा त्यांना एका सकाळीच कळला. म्हणजे त्यांनी तसं जाहीर केलं. "आपलं फंक्शन, म्हंजे कामाचा हुकूम, दुसऱ्याच्या हवाली करायचं. त्याला हाक कवा मारायची, ते तो बघंल. पलटणीत आमी तेच केलं की!"

"व्हय मामा, पण हाक मारणारा त्याच्या हातात काय काय देतोय, तेबी बघा," रेश्मा म्हणाली.

"पोरी, हुकूम सुटल्यावर सामान तपासत बसायचं नसतंय."

यात्रेच्या कुस्त्यांसाठी त्यांनी स्वतः वेबपेज केलं. अर्जातली वजनं मजकूर म्हणून आलेली. त्यांचे आकडे करायला त्यांनी यादीवर एकेक नोंद पुढं देणारा 'मॅप' चालवला आणि त्याच्या हवाली 'पार्सइंट' हे मजकुराचा आकडा करणारं तयार फंक्शन केलं. काम एका ओळीत आटोपलं. न तपासताच त्यांनी पेज सगळ्या गावाला पाठवलं.

यादीतला पहिला पैलवान धुळा, चौऱ्याहत्तर किलो. बरोबर. दुसऱ्या अर्जुनापुढं 'आकडा नाही'. आणि तिसरा, एकशे दहा किलोचा सिद्धू सहा किलो!

अर्जुना तडक घरी आला. "आवं सुभेदार, मी काय हवेत हाय का?"

लालासाहेबांनी आधी नेटवर्कला दोष दिला, मग मोबाइलला. शेवटी रेश्मासमोर बसले.

"मॅप नुसतं वजन देत न्हाई मामा, जोडीला यादीतला क्रमांकबी देतो. शून्य, एक, दोन असा. पार्सइंटला वाटतं, त्या क्रमांकानं कितीच्या पद्धतीनं मोजायचं ते सांगितलंय. धुळाला शून्य आलं, म्हणून नेहमीचं दहानं मोजलं. एकाची पद्धतच नसते, अर्जुना गेला. सिद्धूला दोन आलं, आणि दोनाच्या पद्धतीत एक-एक-शून्य म्हंजे चार, दोन आणि शून्य, मिळून सहा."

"मग चूक मॅपची का पार्सइंटची?"

"दोघांनी आपापलं काम चोख केलं."

हे त्यांना फार लागलं. पलटणीत अशा वेळी कुणीतरी खालचा सापडायचा.

मग त्यांनी मध्ये आपलं छोटं फंक्शन लिहिलं. ते फक्त वजन घेई आणि दहाचा आकडा जोडून पार्सइंटला देई. सगळी वजनं बिनचूक आली.

सिद्धू मात्र हिरमुसून आला. "दुरुस्त कशाला केलंसा? बायकू पयल्यांदाच बारीक म्हणाली हुती."

चुकलेलं पेज गावानं दोनशे वेळा उघडलं होतं. बिनचूक पेज चार वेळा उघडलं गेलं, त्यांपैकी तीनदा स्वतः लालासाहेबांनी.