हाजराबीच्या भुवईतली खाच

"बाई, हा फोटो कुणाचा?"

कलेक्टर कचेरीतले कारकून आमच्या स्टुडिओत उभे होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात पासपोर्टचा फोटो आणि कपाळावर घाम. मी तेव्हा एका वकिलांच्या नाकावरचा मस काढत होते. म्हणजे काचेवरचा. वकील घरी होते.

"हाजराबीचा," मी म्हटलं. "मीच काढलाय. काय सुरेख आलाय ना?"

"सुरेख आलाय. म्हणूनच परत आलाय. मुंबईच्या पासपोर्ट कचेरीचा शेरा आहे, ही बाई ती नव्हे."

ही गोष्ट पहिल्या मोठ्या लढाईनंतरची आणि दुसरीच्या आधीची. आमचा स्टुडिओ सोलापुरात, भवानी पेठेत होता. पुढच्या खोलीत हे, म्हणजे माझे यजमान, पुरुषांचे फोटो काढायचे. मागच्या खोलीत पडद्याआड मी बायकांचे. लग्न होऊन आले तेव्हा कॅमेऱ्याचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली तेही मला कळत नव्हतं. पण रांगोळीचा हात बारीक होता, म्हणून ह्यांनी मला आधी रिटचिंगला बसवलं.

रिटचिंग म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तेव्हा फोटो आधी काचेवर उमटायचा, आणि सगळा उलटा उमटायचा. गोरं ते काळं, काळं ते गोरं, डावं ते उजवं. गालावरचा काळा डाग काचेवर उजेडाचा ठिपका होऊन दिसे. काचेला चिकट औषध चोळायचं, पेन्सिलीला सुईसारखं टोक करायचं आणि तो ठिपका भरून टाकायचा. मग कागदावर छापलं की डाग गेलेला. उलट एखादी जागा काळी करायची असली, विरळ केस दाट करायचे असले, तर बारीक चाकूनं काचेवरचा थर खरवडायचा. सगळा धंदा एवढाच.

सोलापूरच्या उन्हात रापलेली बाई आमच्याकडून साय लावल्यासारखी होऊन बाहेर पडे. माझं नाव झालं, आणि डोक्यात हवा गेली. देवानं घाईत उरकलेली कामं नीट करायला आपली नेमणूक झाली आहे, असं मला मनापासून वाटायचं. दारावरच्या पाटीवर ह्यांच्या नावाखाली मी 'लेडी आर्टिस्ट' असं रंगवून घेतलं होतं. अक्षरं ह्यांच्या नावापेक्षा जरा मोठीच आली होती. पेंटरची चूक, असं मी सांगत असे.

हाजराबी आमच्याच पेठेतली. तिचा नवरा कासीम इथल्या मिलमध्ये फिटर होता. मग इराकात, बसऱ्याच्या बंदरात काम मिळालं म्हणून गेला, तो वर्षानुवर्षं तिकडंच. आता त्याला राहायला खोली मिळाली होती आणि त्यानं बायकोला बोलावलं होतं.

एवढ्या लांब बाईमाणसानं जायचं म्हणजे काय काय लागतं, ते मला तिच्यामुळं कळलं. पासपोर्ट म्हणजे आपलं सरकार म्हणतं, ही आमची. व्हिसा म्हणजे त्यांचं सरकार म्हणतं, बरं, येऊ द्या. व्हिसा नसेल तर आगबोटीचं तिकीट नाही. त्याशिवाय देवी टोचल्याचा दाखला. सोबतीला मुंबईचं एक कुटुंब. आणि उतरल्यावर नवरा बंदरात हजर राहील, असं त्याच्याकडून तिकडं लिहून घेतलेलं. पण सगळ्यात मोठी अट म्हणजे दोन्ही सरकारांना एकच चेहरा दिसला पाहिजे.

चेहरा माझ्याकडं होता.

फोटोला हाजराबीबरोबर तिची सासू आली होती. तिला सगळी पेठ अम्मा म्हणे. उंच, कोरडी, नजरेनं भिंतीला पोचे पाडील अशी बाई. तसबीर काढणं तिला मुळीच पसंत नव्हतं. खोलीत शिरतानाच तिनं बोट उभं केलं होतं. "एकच. जरूरत जितनी, उतनीच. दुसरी बोलशील तर नक्को."

एक काढला. हाजराबीच्या तोंडावर लहानपणी आलेल्या देवीचे व्रण होते. मला दया आली. माझी दया म्हणजे दोन दिवस पेन्सिल. व्रण गेले, तीळ गेला, कानाजवळचा भाजल्याचा डाग गेला. उजव्या भुवईत मध्येच एक खाच होती, केस नसलेली, ती मी चाकूनं खरवडून भुवई सलग करून टाकली. फोटो हातात घेऊन हाजराबीनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही कोण वो, बाई?"

मला ती तारीफ वाटली.

आता भाऊसाहेब सांगत होते, "तिचा नवरा बसऱ्यात अर्ज करतो, बायकोच्या चेहऱ्यावरच्या खुणा लिहून देतो. ते कागद मुंबईला येतात. डॉक्टरचा दाखला म्हणतो, देवी येऊन गेल्या आहेत. आणि फोटो बघावा तर चेहऱ्यावर माशी घसरेल! त्यांना वाटतंय, हाजराबीच्या नावावर दुसरीच कुणी बाई पाठवताहेत. असले प्रकार होतात, बाई."

हे आतून आले. "मग दुसरा फोटो काढू. त्यात काय?"

"काढा. पण आजच्या टपालात गेला पाहिजे. तिकडच्या परवानगीची मुदत संपत आलीय. ती संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा चौकशी. आणि एकदा असला शेरा पडलेल्या बाईला दुसऱ्यांदा परवानगी देतील, असं मला तरी वाटत नाही."

हाजराबीला आणि अम्माला बोलावणं गेलं. अम्मा आली ती माझ्याकडंच. "काय गं? माझ्या सुनेचं तोंड कुटं ठेवलंस?"

मी चाचरत सांगितलं. दुसरा फोटो म्हटल्याबरोबर तिनं मान हलवली. "मैं एकच बार हौ बोली थी."

"पण अम्मा, तिचं जाणं अडलंय."

"माझ्यामुळं अडलंय? भाकऱ्या बांधून बसलीय मी. कडक भाकरी, शेंगाची चटणी. माझ्या भाकऱ्या महिनाभर टिकतात, तुमच्या सरकारची परवानगी टिकत नाही. ती पहिली काच फोडलीस का?"

"नाही, आहे की."

"मग जे लावलंस ते काढ."

पेन्सिल टर्पेंटाइननं पुसली जाते हे मला माहीत होतं. पण आपलं काम आपणच पुसायचं, हा विचार लेडी आर्टिस्टच्या डोक्यात कसा येणार?

मागच्या खोलीत खिडकीपाशी मी काच तिरकी उभी केली. हाजराबीनं बुरखा वर केला आणि शेजारी बसली. अम्मा माझ्या मानेवर श्वास टाकत मागं उभी राहिली. पडद्याबाहेर भाऊसाहेब आणि हे. बसऱ्याहून आलेल्या खुणा भाऊसाहेबांनी वाचायच्या, मी काचेवर त्या मोकळ्या करायच्या, असं ठरलं.

"नाकाची डावी बाजू," भाऊसाहेब इंग्रजीचं मराठी करत वाचू लागले. "देवीचे व्रण, तीन. मधला खोल."

मी कापसाचा बोळा फिरवला.

"अगं उजवीकडं पुसतीयस की!" अम्मा ओरडली. "डावी म्हनला त्यो."

"काचेवर डावं ते उजवं असतं, अम्मा."

"उलटाच धंदा हाय तुमचा."

पेन्सिलीचा काळा चिखल बोळ्यावर आला आणि काचेतून उजेड आत शिरला. एक ठिपका. शेजारी दुसरा. मधला खोल. मी हाजराबीकडं पाहिलं, काचेकडं पाहिलं. तस्सेच.

"खालच्या ओठाखाली तीळ. किंचित उजवीकडे."

पुसलं. तीळ आला.

"डाव्या कानापुढं भाजल्याचा डाग, शेंगदाण्याएवढा." भाऊसाहेब थांबले. "ह्या गृहस्थानं कमाल केलीय. रकाना एका ओळीचा आहे. जागा संपली तेव्हा कडेला लिहवून घेतलंय. पुढं ऐका. कपाळावर व्रण पाच. चार एका रांगेत, एक वेगळा, केसांच्या कडेला."

मी रांग पुसली. चार आले. केसांच्या कडेला मी पेन्सिल लावल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. तरी बोळा फिरवला. आला. पाचवा, एकटा, केसांच्या सावलीत.

ज्या काचेवर मी दोन दिवस वाकून बसले होते, भिंगातून पाहत होते, तिथला एक व्रण मला आठवला नाही. आणि समुद्रापलीकडं, कुठल्याशा कचेरीत, परक्या साहेबापुढं उभ्या राहिलेल्या एका फिटरला तो आठवला. इतक्या वर्षांनी. जवळ फोटोही नसताना. कारण अम्मानं फोटो काढू दिलाच नव्हता. त्यानं एकेक खूण सांगितली असेल, लिहिणारा वैतागला असेल, आणि हा म्हणत असेल, थांबा, अजून एक आहे.

त्या काळ्या चेहऱ्यावर उजेडाचे ते सगळे ठिपके पाहून माझ्या अंगावर काटा आला. रात्री गच्चीवर आभाळाकडं बघताना येतो तसा.

"आता शेवटची," बाहेरून भाऊसाहेबांचा आवाज आला. सरकारी आवाज जरा मऊ झाला होता. "उजवी भुवई, मधोमध खाच. कारण... कारण विचारलेलं नाही, तरी दिलंय. 'पतंगाचा मांजा. पतंग माझा होता.'"

हाजराबी खुदकन हसली. मग तिनं पदर तोंडात धरला आणि तिचे खांदे हलायला लागले. ते हसणं राहिलं नव्हतं.

"मग! लई हाणला होता मी त्याला," अम्मा म्हणाली. "ही माझ्या भावाची लेक. एका अंगणात वाढली दोघं. रक्त बघून हिच्या आधी तोच रडला." आणि तिनं माझ्या खांद्यावर टिचकी मारली. "बघत काय बसलीस? काढ ती खाच."

तिथंच घोडं अडलं. खाच पेन्सिलीनं भरलेली नव्हती, चाकूनं खरवडलेली होती. पेन्सिल पुसता येते, चाकू कसा पुसणार? मी रडवेली होऊन ह्यांना हाक मारली.

"अगं, मग खाच तू काढ की पेन्सिलीनं," हे पडद्याबाहेरून म्हणाले.

"पासपोर्टच्या फोटोत खोटं काढू?"

"आजवर काय काढत होतीस?"

बाहेर भाऊसाहेबांना खोकला आला.

मी हाजराबीची हनुवटी उजेडाकडं केली. किती चेहरे माझ्या हाताखालून गेले होते, पण आजवर मी चेहऱ्यात फक्त काय काढायचं ते शोधत आले होते. नक्कल करायची म्हणून पहिल्यांदाच बघत होते. खाच सरळ नव्हती. खाली रुंद, वर निमुळती, आणि कडेचा एक केस तिच्यावरून आडवा पलीकडं गेलेला. मी श्वास धरून काढली. केसासकट. आयुष्यात मी बायकांना पुष्कळ रूप दिलं, पण माझ्या हातून उतरलेलं सगळ्यात देखणं काम म्हणजे ती जखम.

ओल्या छापाचा फोटो अम्मानं उजेडात धरला. "हां. ही हाय."

भाऊसाहेबांना पडद्याआड बघता येत नव्हतं. म्हणून फोटो जसाच्या तसा आहे, असं मला लिहून द्यावं लागलं. जसाच्या तसा फोटो आमच्या स्टुडिओतून तोवर एकही बाहेर पडला नव्हता. मी सही केली. 'लेडी आर्टिस्ट' लिहायचं धाडस झालं नाही.

कागद टपालात गेले. त्या संध्याकाळी मी ह्यांना समोर उभं केलं, त्यांच्याकडं पाठ फिरवली आणि विचारलं, "माझ्या कुठल्या गालावर तीळ आहे?"

ह्यांनी बराच वेळ विचार केला. "काचेवर, की प्रत्यक्षात?"

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, प्रश्न बरोबर होता.

मुंबईनं फोटो मान्य केला. पासपोर्ट झाला, त्यावर व्हिसाचा शिक्का बसला, तिकीट मिळालं. भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन हाजराबी रेल्वेत बसली. अम्मा स्टेशनावर रडली नाही. ती तिथून सरळ आमच्या दारात आली आणि म्हणाली, "जरूरत संपली. काच फोड."

मी काच काढली. मन होत नव्हतं, तरी जमिनीवर फडकं पसरलं. मी काच उचलणार तोच अम्मा म्हणाली, "थांब. एकदा उजेडात धर." मी धरली. तिनं व्रण मोजले. कपाळावरचे, नाकाचे. मग पदर सावरत म्हणाली, "राहू दे. फोडायला काय, कधीपन फोडता येते."

ती काच फोडायला अम्मा पुष्कळदा आली. येई, उजेडात धरायला लावी, मोजी, आणि "राहू दे" म्हणून जाई. पासपोर्टचा फोटो असला की मी पेन्सिल आणि चाकू दोन्ही कपाटात ठेवून कुलूप लावत असे. बाकी सोलापूर मी पूर्वीसारखंच गोरं करत राहिले. पोट त्यावर होतं.

असंच एकदा व्रण मोजता मोजता अम्मानं सांगितलं, की हाजरा पोचली. कासीम बंदरात उभा होता. बोटीतून कितीतरी बायका उतरल्या.

"मग लगेच ओळखलं?" मी विचारलं. माझ्या भुवईची मला काळजी.

"वळखलं की. लांबूनच धावत आला म्हनं."

"खाच बघून?"

अम्मानं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी पुन्हा कालची नवरी झाले. "बुरख्यात होती की गं ती. चालीवरनं वळखलं."

पुढं आयुष्यभर मी पासपोर्टचे फोटो काढले, अर्जही पुष्कळ पाहिले. उंची विचारतात, डोळ्यांचा रंग विचारतात, खुणा विचारतात. चालीचा रकाना अजून कुणी ठेवलेला नाही.